जाशील बुधी, तर येशील कधी?

भयाण तेच सुंदर मानणाऱ्या ॲडम्स या काल्पनिक कुटुंबावरचा पहिला संगणकीय ॲनिमेशनपट २०१९ साली आला, तेव्हा त्याच्या सुरुवातीलाच आमच्या राज्याची यथेच्छ बदनामी झाली होती. गोमेझ आणि मॉर्टिशिया यांना ऐन लग्नाच्या समारंभातून गावकरी मशाली आणि दाताळी घेऊन हुसकावून लावतात, आणि हे नवे जोडपे ठरवते की आता एखाद्या अशा भयंकर, अशा भ्रष्ट ठिकाणी जाऊन राहायचे, जिथे शहाणा माणूस चुकूनही पाऊल टाकणार नाही. पुढच्याच क्षणी पडद्यावर न्यू जर्सी येते. एडिसनजवळच्या ज्या चित्रपटगृहात आम्ही बसलो होतो तिथे सगळ्यात मोठा हशा या जागी पिकला, आणि त्यात आमच्यासारख्यांचा, म्हणजे दुसऱ्या देशातून येऊन याच राज्यात घराचे हप्ते फेडत बसलेल्यांचा, वाटा बराच मोठा होता. पुढे या कुटुंबाच्या टेकडीवरील वाड्याच्या पायथ्याशी एकसारख्या घरांची एक गुळगुळीत वसाहत उभी राहते आणि तिचे नाव असते 'असिमिलेशन', म्हणजे मिसळून जाणे, विरघळून जाणे. मी नवऱ्याकडे पाहिले. दाराला कोणता रंग चालेल आणि अंगणात तुळशीचे वृंदावन ठेवता येईल का, यावर आमच्या वसाहतीच्या समितीशी त्याचा पत्रव्यवहार त्या वेळी चालू होता.

दुसरा भाग १ ऑक्टोबर २०२१ रोजी आला. करोनाचे सावट अजून पुरते सरले नव्हते, म्हणून अमेरिकेत तो चित्रपटगृहांत आणि घरबसल्या भाड्याने पाहण्यासाठी एकाच दिवशी उपलब्ध झाला. त्या शुक्रवारी रात्री आम्ही पिठले-भाताची ताटे घेऊन दिवाणखान्यात बसलो तेव्हा आमची लेक तेरा वर्षांची होती आणि एकाच सोफ्यावर आमच्यापासून शक्य तितक्या दूर बसण्याची कला तिला साधलेली होती. चित्रपटाचे कथानकही तिथूनच सुरू होते. मुलगी वेन्सडे आणि मुलगा पग्स्ली जेवणाच्या टेबलावर येईनासे झाले आहेत, मुले हातची चालली आहेत हे गोमेझच्या ध्यानात आले आहे, आणि त्यावर त्याला सुचलेला उपाय म्हणजे सगळ्यांना एका झपाटलेल्या कॅम्परमध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, कोंबून तीन आठवड्यांची अमेरिकायात्रा काढणे. आजीला तेवढे घर सांभाळायला मागे ठेवले जाते, आणि ती त्या घरात तिकीट लावून धुडगूस घालते.

त्याआधी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा एक प्रसंग आहे. वेन्सडेने आपल्या पाळीव ऑक्टोपसचा अंश काकाच्या, म्हणजे अंकल फेस्टरच्या, शरीरात घालण्याचा प्रयोग मांडलेला असतो आणि परीक्षक शेवटी जाहीर करतात की कोणाचेही मन दुखावू नये म्हणून सर्वांनाच बक्षीस. वेन्सडेच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, पण तिचा अपमान झालेला आहे हे आपल्याला कळते. मला तो प्रसंग सर्वांत जवळचा वाटला. चौथीच्या स्कॉलरशिपला दोन गुणांनी यादी हुकली म्हणून रात्रभर रडलेल्या पिढीची मी आहे, आणि आमच्या लेकीच्या फळीवर केवळ हजर राहिल्याबद्दल मिळालेल्या रंगीत फितींची रांग आहे.

वेन्सडे म्हणजे बुधवार. चार्ल्स ॲडम्स या व्यंगचित्रकाराने १९३८ पासून 'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकात ही माणसे काढायला सुरुवात केली तेव्हा त्यांना नावेच नव्हती. १९६४ साली दूरचित्रवाणीवर मालिका आली आणि मग नावे द्यावी लागली. 'बुधवारचे मूल दुःखाने भरलेले' अशा अर्थाचे एक जुने इंग्रजी बालगीत आहे, त्यावरून त्या फिकट, दोन वेण्यांच्या मुलीचे नाव वेन्सडे झाले. बुधवारविषयी आपल्याकडेही बरे बोलत नाहीत. 'जाशील बुधी, तर येशील कधी?' असे म्हणून आमच्या घरातील वडील मंडळींनी कितीतरी प्रवास गुरुवारवर ढकललेले मी पाहिले आहेत. म्हणून एखाद्या चित्रपटात साक्षात बुधवारालाच गाडीत घालून प्रवासाला नेतात, या कल्पनेने मला जे हसू आले त्याचे कारण दिग्दर्शक कॉनरॅड व्हर्नन आणि ग्रेग टिअर्नन यांना सांगूनही कळले नसते.

त्या हसण्याला ताजे निमित्तही होते. त्याच वर्षी १४ जुलैला, बुधवारी, आम्ही नायगाराला निघालो होतो. दोन उन्हाळे भारतात जाता आले नव्हते. भारतातून अमेरिकेत येणाऱ्यांवर मे महिन्यापासून निर्बंध होते, त्यामुळे सासूबाई-सासऱ्यांचे येणेही रद्द झाले होते. नवऱ्याची रजा बुधवारपासून होती. मंगळवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी वार विचारला आणि त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनीच तोड काढली, ती म्हणजे प्रस्थान ठेवण्याची. वार वाईट असेल तर आदल्या दिवशी सामानातील एक पिशवी शेजारी नेऊन ठेवायची, म्हणजे प्रवास आदल्या दिवशीच सुरू झाला असे मानता येते. आमच्या शेजारी एक सत्तरीच्या इटालियन वंशाच्या बाई राहतात. मी त्यांच्या दारात एक कापडी पिशवी, तिच्यात मूठभर तांदूळ आणि एक सुपारी घेऊन उभी राहिले आणि ही आज रात्री तुमच्याकडे झोपेल, सकाळी सहाला घेऊन जाईन, असे सांगितले. बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि आत नेली. लेक मागे गाडीच्या आड उभी राहून हे पाहत होती, आणि मला वाटते, आपण या लोकांत जन्मलो असणे शक्य नाही या निष्कर्षाकडे तिचा प्रवास त्या संध्याकाळीच सुरू झाला. प्रस्थान तिचेही ठेवले गेले.

चार्ल्स ॲडम्स न्यू जर्सीचाच. १९१२ साली वेस्टफिल्ड गावात त्याचा जन्म झाला, आणि ते गाव आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे. तिथल्या रस्त्यांवर व्हिक्टोरियन धाटणीची उंच, टोकदार छपरांची जुनी घरे अजून उभी आहेत, आणि दर ऑक्टोबरमध्ये गाव त्याच्या नावाने उत्सव भरवते. त्याने काढलेल्या या कुटुंबाचे मर्म असे की त्यांच्या घरात प्रेमाची कमतरता कुठेच नाही. नवरा बायकोवर लुब्ध आहे, आईबापांना मुलांचे कौतुक आहे, घरातली म्हातारी आणि बिनलग्नाचा काका यांना मानाने सांभाळले जाते. फक्त शब्दांचे अर्थ उलटे आहेत. 'काय भयाण दिवस आहे!' ही तिथे तारीफ असते.

आमच्या कोकणातल्या माणसाला ही भाषा समजावून सांगावी लागत नाही. माझे आजोळ कुडाळजवळचे. मे महिन्यात आम्ही पोहोचलो की आजी माझ्या भावाला पोटाशी धरून म्हणायची, "मेल्या, खंय होतंस रे इतके दिवस?" आणि त्या 'मेल्या'त जे प्रेम होते ते 'बाळा'त कधी सापडले नाही. तिच्या बोलण्यात देवचार घरच्या माणसासारखा यायचा. आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, हे ती शेजारच्या रात्रपाळीवाल्याविषयी बोलावे इतक्या सहजपणे सांगायची. मुंबईहून आलेली आम्ही मुले रात्री घाबरून तिच्या कुशीत शिरायचो, आणि तिला आमच्या घाबरण्याचेच नवल वाटायचे. मॉर्टिशिया गुलाबांची फुले कापून टाकून काटेरी देठ फुलदाणीत लावते, तेव्हा मला परका देश दिसत नाही.

ॲडम्सला वेगवान जुन्या मोटारींचा शौक होता. २९ सप्टेंबर १९८८ रोजी मॅनहॅटनमध्ये घरासमोर गाडी उभी केली आणि गाडीतच त्याला हृदयविकाराचा झटका आला, त्यातच तो गेला. ज्याच्या माणसांना सगळे जग घरकोंबडी समजत आले, तो स्वतः चाकावर बसून गेला. त्याच्या कुटुंबालाही गाडीत घालण्याची कल्पना २०२१ ची नव्हे. १९७३ साली हॅना-बार्बेरा या स्टुडिओने शनिवार सकाळच्या मुलांच्या वेळेत या कुटुंबाची कार्टून मालिका केली होती आणि तिच्यात ही मंडळी वाड्यासारख्याच दिसणाऱ्या कॅम्परमधून अमेरिकाभर हिंडत असत. तिचे सोळाच भाग झाले, आणि पग्स्लीला आवाज दिला होता तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षांच्या असलेल्या जोडी फॉस्टरने. आवाजांचा विषय निघालाच आहे म्हणून एक गंमत. दुसऱ्या भागात वेन्सडेच्या जन्माविषयी शंका घेऊन येणाऱ्या वकिलाचा आवाज वॉलेस शॉन यांचा आहे. त्यांचे वडील विल्यम शॉन हे 'न्यूयॉर्कर'चे संपादक होते, आणि १९६४ च्या मालिकेनंतर हे कुटुंब आपल्या पानांवर नको असे त्यांनीच ठरवले होते. बापाने दार लावून घेतले आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटल्यावर मुलगा त्याच घराच्या दारात नोटीस घेऊन उभा राहिला.

अमेरिकेत कुटुंबाने उन्हाळ्यात गाडीत बसून निघणे हा जवळजवळ संस्कार आहे. १९०९ साली हॅकेन्सॅक या न्यू जर्सीतील गावच्या ॲलिस रॅमसी या बावीस वर्षांच्या बाईने न्यूयॉर्कहून निघून ५९ दिवसांत सॅन फ्रान्सिस्को गाठले. मोटार चालवत हा खंड पार करणारी ती पहिली स्त्री. तिच्यासोबत आणखी तीन बायका होत्या, नवरा आणि लहान मूल मात्र घरी होते, आणि हा तपशील मी आमच्या घरात वेळोवेळी सांगत असते. पुढे १९५६ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महामार्गांच्या कायद्यावर सही केली, ४१,००० मैलांच्या आंतरराज्य रस्त्यांचे जाळे विणायला घेतले गेले, आणि आईबाप पुढे व मुले मागे ही बैठक राष्ट्रीय झाली. आम्ही ज्या ऐंशी क्रमांकाच्या रस्त्याने पश्चिमेला निघालो तो न्यू जर्सीतल्या टीनेक गावी सुरू होतो आणि सोडलाच नाही तर थेट सॅन फ्रान्सिस्कोला जातो. आम्ही तो पेन्सिल्व्हेनियात सोडला.

पेन्सिल्व्हेनियात शिरल्यावर आमची पहिली शोभा झाली. न्यू जर्सीत १९४९ पासून स्वतःच्या हाताने गाडीत पेट्रोल भरायला कायद्याने मनाई आहे. पंपावरचा माणूसच येऊन भरतो, आणि त्यामुळे अमेरिकेत सतरा वर्षे राहूनही माझ्या नवऱ्याला ती नळी नीट हाताळता येत नाही. शेजारच्या पंपावरच्या एका मुलाने येऊन मदत केली. तो लेकीपेक्षा तीनेक वर्षांनी मोठा असेल. लेक सीटवरून घसरत खाली गेली ती पंप दिसेनासा होईपर्यंत वर आली नाही. त्यानंतर विसाव्याच्या थांब्यावर मी लाकडी बाकावर वर्तमानपत्र पसरले, स्टीलचे डबे उघडले, दशम्या, चटणी, कोरडी बटाट्याची भाजी, कांदा मांडला आणि नवऱ्याने तो कांदा बाकावर ठेवून मुठीने फोडला. पलीकडच्या बाकावर एक कुटुंब कागदी पिशवीतून सँडविच काढून आवाज न करता खात होते. लेक त्यांच्याकडे बघत होती. गाडीत बसल्यावर बऱ्याच वेळाने मागून प्रश्न आला, "आई, मी नक्की तुमचीच आहे ना? म्हणजे हॉस्पिटलमध्ये काही मिक्स-अप वगैरे?"

या प्रश्नाला आमच्या लहानपणी ठरलेले उत्तर होते, तेच मी दिले. "नाही ग. तुला दोन जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून घेतली."

बोहारीण म्हणजे काय, हे तिला माहीत नव्हते. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दुपारच्या वेळी दारावर येणारी, जुने कपडे उजेडात धरून त्यांची भोके दाखवणारी आणि पाच साड्या व एका विजारीवर जेमतेम एक पातेले द्यायला तयार होणारी ती बाई, तिची चिकाटी, माझ्या आईची तिच्याहून वरचढ चिकाटी, हे सगळे सांगेपर्यंत बिंगहॅम्टन आले. लेकीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे पातेल्याऐवजी मी." आणि कानांत बोंडे घातली.

मनोविश्लेषक फ्रॉइडने १९०९ साली एका छोट्या लेखात या भावनेविषयी लिहिले आहे. आपले खरे आईबाप हे नव्हेत, कोणीतरी अधिक थोर, अधिक देखणे लोक असले पाहिजेत, आणि आपण इथे चुकून आलो आहोत, अशी गोष्ट मूल मनातल्या मनात रचते, असे तो म्हणतो. हे वाचण्याच्या कितीतरी आधी मला ते ठाऊक होते. कोकण रेल्वे नव्हती तेव्हा, म्हणजे १९९८ च्या आधी, आम्ही परळहून रातराणी एसटीने कुडाळला जायचो. गाडी फलाटाला लागायच्या आत वडील धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकायचे, कधी रुमाल अपुरा पडला तर टोपी, आणि एकदा त्यांनी खिडकीतून मलाच आत सोडले होते. कशेडीच्या घाटात मला उलटी होणार हे ठरलेले असायचे, आणि वडील ते साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात चालकाला सांगायचे. महाडच्या थांब्यावर एकदा आमच्या एसटीशेजारी पांढरी फियाट उभी राहिली. तिच्यात माझ्याच वयाची एक मुलगी खिडकीला गाल टेकवून झोपली होती आणि तिची आई तिच्या अंगावर शाल ओढत होती. ती फियाट पुढे निघून गेल्यावर हातखंबा येईपर्यंत मी त्या गाडीत होते. एसटीत होती ती कोणी दुसरीच, जिच्या वडिलांनी भरगच्च गाडीत उभे राहून आवळासुपारीचा डबा सगळ्यांपुढे फिरवला होता.

चित्रपटातही नायगारा आहे. तिथून ही मंडळी मायामीला जातात, मग टेक्सासमधील सॅन अँटोनियो, ग्रँड कॅन्यन, डेथ व्हॅली. नायगाराहून मायामी म्हणजे सुमारे चौदाशे मैल दक्षिणेला. असा मार्ग ॲनिमेशनपटातच आखता येतो, आणि प्रत्येक मुक्काम फ्रीजवर लावायच्या चुंबकासारखा येऊन जातो. सॅन अँटोनियोत वेन्सडेला लहान मुलींच्या सौंदर्यस्पर्धेत उभे केले जाते तेवढाच तुकडा जमून आला आहे. डेथ व्हॅलीचे मला विशेष वाईट वाटले. १९१३ साली जिथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आणि जिची सर्वांत खोल जागा समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे, अशी भूमी म्हणजे ॲडम्स लोकांचे महाबळेश्वर. तिथे त्यांना आठवडाभर नुसते स्वस्थ बसू दिले असते तरी पुरेसा विनोद झाला असता.

आमचा नायगारा अर्धाच झाला. कॅनडाची सीमा अमेरिकेच्या लसवंत नागरिकांना ९ ऑगस्टला खुली व्हायची होती, त्यामुळे घोड्याच्या नालेसारखा तो मोठा धबधबा समोरून पाहायला मिळाला नाही. निळे प्लास्टिकचे झगे घालून आम्ही नावेतून त्याच्या पायथ्याशी गेलो आणि सत्तावन्न मीटरांवरून येणाऱ्या पाण्याने सारखेच ओलेचिंब झालो. त्या झग्यांत सगळी कुटुंबे एकसारखी दिसतात. तेवढा अर्धा तास लेक आमच्याजवळ उभी होती.

त्या रात्रीचा प्रसंग मात्र सांगायलाच हवा. आम्ही एका साध्या मोटेलात उतरलो होतो. खोलीत स्वयंपाक करायचा नाही अशी पाटी दारामागे होती आणि आमच्या सामानात भाताचा विजेचा कुकर, मुगाची डाळ, लोखंडी पळी आणि पिटुकली विजेची शेगडी होती. खिचडी निमूटपणे शिजली असती, पण नवऱ्याला वरून लसणाची फोडणी हवी होती. मोहरी तडतडली, हिंग पडले, आणि छतावरचा धुराचा भोंगा असा काही बोंबलू लागला की पार्किंगमध्ये माणसे जमली. नवरा पलंगावर उभा राहून टॉवेलने वारा घालत होता, मी पळी न्हाणीघरात लपवत होते आणि लेक दोन पलंगांच्या मधल्या फटीत बसली होती. दार वाजले. मोटेलचे मालक आले होते, साठीचे गृहस्थ. ते आत आले, भोंग्याचे बटण दाबले, खिडकी उघडली, एकदा खोल श्वास घेतला आणि हिंदीत म्हणाले, "खिचडी है? हींग कच्ची रह गई, बहनजी." अमेरिकेतल्या रस्त्याकाठच्या मोटेलांपैकी कितीतरी गुजराती कुटुंबांच्या हाती आहेत, आणि हेही त्यांच्यापैकीच निघाले. त्यांनी नियमाविषयी दोन शब्द सुनावले, ते योग्यच होते, आणि जाताना वाटीभर खिचडी नेली. दार बंद झाल्यावर फटीतून लेकीचा आवाज आला, "इथेसुद्धा आपलेच?" आम्ही दोघे हसलो. ती हसत नव्हती. चारशे मैल आल्यावरही अनोळखी असा एकही माणूस तिला मिळाला नव्हता.

हा चित्रपट मला अपुरा का वाटतो, याचे उत्तर मला त्या फटीत सापडते. आमच्या घरचा प्रवास शरमेवर चालतो. पंपावर, बाकावर, मोटेलात, दर शंभर मैलांना मुलीला आईबापांची लाज वाटते, आईबापांना ती कळते, आणि गाडीचे दार चालत्या रस्त्यात उघडता येत नाही. ॲडम्स कुटुंबाला लाज हा प्रकारच ठाऊक नाही, हीच त्यांची सगळी शान आहे, पण मग त्यांच्या मुलीला घर सोडून जावेसे वाटण्याला कारण उरत नाही. म्हणून पटकथेला बाहेरून सामान आणावे लागते. जन्माच्या वेळी फेस्टर काकाने इस्पितळात बाळांना चेंडूंसारखे उडवून झेलले होते, त्यात अदलाबदल झाली असेल ही शंका, मागे लागलेला वकील, सायरस स्ट्रेंज नावाचा शास्त्रज्ञ जो खरा बाप असल्याचा दावा करतो आणि प्रत्यक्षात तिच्या प्रयोगावर डोळा ठेवून असतो, त्याच्या टापटीप घरातली बायको-मुलगी जी मुळात जनावरांपासून घडवलेली निघते, आणि शेवटी राक्षसांची मारामारी. या गदारोळात फेस्टरला हळूहळू फुटत जाणारे ऑक्टोपसचे पाय तेवढे मन लावून काढले आहेत.

तरीही एक जागा अशी आहे की जिथे मी ताट खाली ठेवले. आपले काका-आईबाप वेडगळ आहेत आणि आपण बुद्धिमान आहोत, तेव्हा आपला बाप शास्त्रज्ञच असणार, या हिशेबाने वेन्सडे त्या परक्या घरी जाते, आणि मागे राहिलेल्या गोमेझचा चेहरा लहान होतो. चार्ल्स ॲडम्सच्या मूळ चित्रांप्रमाणे या चित्रपटांतला गोमेझ बुटका, जाडा, पोट सुटलेला आहे. तलवार फिरवणारा, नाचणारा, जिथे जाईल तिथे मोठ्याने बोलणारा हा माणूस गप्प बसलेला मी दोन्ही चित्रपटांत फारसा पाहिलेला नव्हता. मला रुमाल टाकायला धावणारे वडील आठवले. त्या फियाटविषयी मी त्यांना कधी सांगितले नव्हते. हातखंब्यानंतर मी बराच वेळ काही बोलले नव्हते, एवढे त्यांच्या लक्षात आले असणार, कारण राजापूरला उतरून त्यांनी मला न मागता लिमलेटच्या गोळ्या आणून दिल्या होत्या.

आपल्याकडे ही गोष्ट उलट्या टोकाने सांगितलेली आहे. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला एकांतात नेऊन सांगतो की तू कुंतीचा मुलगा आहेस, चल, राज्य तुझे आहे. फ्रॉइडच्या मुलाने जे स्वप्न पाहिले ते इथे खरे निघते, खरे आईबाप खरोखरच थोर असतात, आणि कर्ण नाही म्हणतो. त्याने दिलेल्या कारणांत धर्म आहे, मैत्री आहे, पण मला नेहमी अडवते ते एकच कारण. राधेने, म्हणजे त्याला वाढवणाऱ्या आईने, माझे मलमूत्र काढले, असे तो म्हणतो. राजपदापुढे ठेवायला दुसरे काही त्याला सापडले नाही असे नाही, पण ते त्याने पुढे ठेवले. कशेडीच्या घाटात माझे डोके धरून उभे राहणारे हात कोणाचे होते, हे मला फियाटमध्ये बसल्या-बसल्याही माहीत होते.

चित्रपट संपला, वेन्सडे परत आली होती, कॅम्पर घराकडे वळला होता. आमच्या घरात शांतता होती. नवऱ्याला डुलकी लागली होती आणि पिठल्यावर साय धरली होती. लेक मध्येच कधीतरी सोफ्याच्या टोकाकडून थोडी अलीकडे सरकली होती, पण ते पांघरूण माझ्या बाजूला होते म्हणूनही असेल. श्रेयनामावलीची अक्षरे वर सरकत राहिली.

"आई," ती पडद्याकडे पाहतच म्हणाली, "त्या दोन साड्या कुठल्या होत्या?"

मला क्षणभर समजले नाही. मग म्हटले, "एक रोजचीच होती, सुती. दुसरी जरीची."

"जरीची?" ती म्हणाली. "खरी जर?"

"खरी. तुझ्या आजीची होती. बोहारीण आधी तयारच नव्हती, म्हणून ती काढावी लागली."

तिने थोडा विचार केला. "आणि पातेले?"

"पातेले मागितलेच नाही," मी म्हटले, आणि ती पुन्हा ती नावे वाचू लागली.